पोकलेनची रेस आणि पाच व्होल्ट

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, शिरूर–चौफुला रस्त्यावर न्हावरे लागते. साखर कारखान्यामुळे हे नाव जिल्हाभर माहीत झाले. ऊस आला तसे पाण्याचे व्याप आले आणि त्या व्यापांबरोबर माती उपसणारी यंत्रे आली. विहिरीचा गाळ, शेततळे, बांध, चारी, मुरमाचा रस्ता, सगळ्याला आता पोकलेन लागते. २०१४च्या अखेरीस जलयुक्त शिवार आणि २०१७मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजना आल्यावर ही यंत्रे लहान गावांच्या ओढ्यांतही उतरली.

पोकलेन ताशी भाड्याने चालते. यंत्रावर तासांचे घड्याळ असते आणि हिशेब त्यावर होतो. पण हे घड्याळ इंजिन चालू असलेला वेळ मोजते, उपसलेली माती मोजत नाही. इंजिन पूर्ण रेसवर असो की मंद, तास पुढे सरकतच असतो. म्हणून रेस अर्ध्यावर अडकलेले यंत्र दिवसभर शेततळ्यात उभे राहिले तर माती निम्मी निघते आणि भाडे पूर्ण लागते. संध्याकाळी शेतकरी म्हणतो, ऑपरेटर हात चोरतो. मालक म्हणतो, डिझेल कुठे गेले? ऑपरेटर बहुधा परगावचा असतो, त्याची हजेरी मालकाच्या वहीत असते, आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते. या भांडणाचे मूळ अनेकदा पाच व्होल्टच्या एका वायरीत असते. ते कसे शोधायचे, याचा हा लेख आहे.

आधी शब्दांबद्दल थोडे. ‘पोकलेन’ हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. जॉर्ज बातेय यांनी स्थापलेल्या या कंपनीच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने भारतात हायड्रॉलिक खोदयंत्रे बनवली आणि कंपनीचे नावच यंत्राच्या जातीला चिकटले. आज हिताची असो, कोमात्सू असो, ह्युंदाई असो, मराठीत ते पोकलेनच. वर्तमानपत्रे कधी त्याचे ‘पोकलँड’ करतात. जमिनीशी संबंध असल्यामुळे तेही खपून जाते. दुसरा शब्द ‘रेस’. इंग्रजी पुस्तिका तिला ‘थ्रॉटल’ म्हणतात. तो शब्द गळ्यावरून आला, गळा आवळणे या अर्थाने, आणि पेट्रोल इंजिनात हवेचा गळा खरोखरच आवळला जातो. पोकलेनच्या डिझेल इंजिनात मात्र वेग ठरवतो तो डिझेलचा मापून दिलेला घोट. तेव्हा आपल्या मिस्त्रींचा ‘रेस’ हा शब्द पुस्तिकेतल्या शब्दापेक्षा जास्त खरा आहे, असे मला वाटते. या लेखात मी तोच वापरतो.

जुन्या यंत्रांत रेसची केबल असे. तरफ ओढली की पोलादी तार इंजिनावरच्या गव्हर्नरचा दांडा ओढी. तार तुटली तर दिसे आणि बांधाला लावायच्या तारेने ती तात्पुरती बांधून दिवस निभावता येई. नव्वदीच्या दशकात जपानी यंत्रांनी ही तार काढली. ऑपरेटरच्या उजव्या हाताशी एक गोल डायल आली. डायल फिरवली की एक विद्युतदाब बदलतो. तो कंट्रोलर वाचतो. कंट्रोलर गव्हर्नरवर बसवलेल्या छोट्या मोटरला फिरायला सांगतो. आणि मोटर कुठवर फिरली हे सांगायला तिच्या पोटात दुसरा सेन्सर असतो. म्हणजे एक सेन्सर माणसाची इच्छा सांगतो, दुसरा त्या इच्छेचे काय झाले ते सांगतो. कॉमन रेलची इंजिने आल्यावर ही मोटरही गेली. आता यंत्राचा कंट्रोलर इंजिनाच्या कंट्रोलरशी दोन वायरींवरून बोलतो. बॉश कंपनीने १९८६मध्ये जाहीर केलेली ‘कॅन’ नावाची ही पद्धत आज जवळजवळ प्रत्येक मोटारगाडीतही आहे.

डायलच्या आत जे असते ते रेडिओतल्या आवाजाच्या बटणाचेच भावंड. मी मीटर धरायला शिकलो तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, त्यामुळे ही ओळख मला लगेच पटली. अर्धवर्तुळाकार कार्बनची पट्टी, तिच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, आणि पट्टीवरून सरकणारी एक जीभ. जीभ जिथे असेल तिथला दाब तिसऱ्या वायरीवर येतो. याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. हे नाव मुळात मोजमापाच्या उपकरणाचे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ याने १८४१मध्ये त्याची मांडणी केली. यंत्रात चोवीस व्होल्टच्या बॅटऱ्या असताना इथे पाचच व्होल्ट का? कारण बॅटरीचा दाब सेल्फ मारताना खाली जातो आणि चार्जिंगला वर येतो. इच्छा मोजायची पट्टीच लांब-आखूड होत राहिली तर मोजणार काय? म्हणून कंट्रोलर स्वतःच पाच व्होल्टचा स्थिर पुरवठा तयार करतो.

आता यातली खरी चतुराई. डायल पूर्ण खाली केली तरी सेन्सर शून्य सांगत नाही आणि पूर्ण वर केली तरी पाच सांगत नाही. साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंतच तो बोलतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना मुद्दाम थोडा रोध ठेवलेला असतो. कारण वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर दाब शून्याला किंवा पाचला जाऊन बसतो. कंट्रोलरला शून्य दिसले तर त्याला कळते की हे माणसाचे बोलणे नव्हे, वायरीचे आहे. दोन्ही टोकांची ही रिकामी जागा वापरूनच तो पडद्यावर कोड लावतो आणि रेस एखाद्या ठरावीक मध्यम वेगावर धरून ठेवतो. यंत्र बंद पडत नाही, मंद होते. तासांचे घड्याळ चालू राहते.

तीन वायरींपैकी कोणती तुटली हेही दाबावरून सांगता येते. पाच व्होल्टची वायर तुटली तर जिभेला फक्त अर्थ दिसतो, म्हणून सिग्नलवर शून्य येते. अर्थ तुटला तर उलट होते, डायल कुठेही फिरवा, सिग्नल पाचच्या जवळ चिकटून राहतो. सिग्नलची वायरच तुटली तर डायलपाशी सगळे ठीक दिसते, पण कंट्रोलरपाशी शून्य किंवा पाच दिसते. त्या दोहोंपैकी काय, हे कंट्रोलरच्या आतला रोध ठरवतो. म्हणून एकाच जागी मोजून निकाल देऊ नये. डायलपाशी मोजावे आणि तेच पुन्हा कंट्रोलरच्या कपलरपाशी मोजावे.

पण वायरी सहसा पूर्ण तुटत नाहीत. त्या सडतात. आपल्याकडे यंत्र रात्री उसाच्या कडेला उभे राहते, उंदीर वायरिंग कुरतडतात, धुताना प्रेशरचे पाणी कपलरात शिरते, आणि पितळेच्या पिनेवर हिरवा थर चढतो. हा थर विजेला अडवतो, पण थांबवत नाही. इथे थोडे गणित करू, कारण या गणितानेच अनेक पंप वाचले असते.

समजा पट्टीचा एकूण रोध पाच हजार ओहम आहे (कोमात्सूच्या अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत चार ते सहा हजार दिलेला असतो). पाच व्होल्ट आणि पाच हजार ओहम म्हणजे वायरीतून एक हजारांश अँपिअर वाहतो. इतक्या बारीक धारेला हजार ओहमचा हिरवा थरही मोठा धोंडा असतो. आता हा थर अर्थच्या पिनेवर आहे असे धरा. एकूण रोध सहा हजार झाला. कमी रेसला जिथे अर्धा व्होल्ट यायचा तिथे सव्वा व्होल्ट येईल. पूर्ण रेसला साडेचारऐवजी ४.५८ येईल. म्हणजे वरचे टोक जवळजवळ जागच्या जागी, खालचे मात्र बरेच चढले. इंजिन मंद व्हायलाच तयार नाही. हाच थर पाच व्होल्टच्या पिनेवर असेल तर कमी रेसला ०.४२ आणि पूर्ण रेसला ३.७५ येईल. आता खालचे टोक जागेवर, वरचे उतरले. यंत्र मंद नीट होते, पण पूर्ण रेस देत नाही. दोन्ही आकडे परवानगीच्या पट्ट्यात असल्याने बहुतेक वेळा कोड येतच नाही. थोडक्यात, कमी रेस चढलेली असेल तर अर्थची वायर पाहा. पूर्ण रेस उतरलेली असेल तर पाच व्होल्टची. काही यंत्रांत डायल उलटी जोडलेली असते, म्हणजे कमी रेसला जास्त दाब. तिथे हे वाचनही उलटे करावे.

हे दुसरे लक्षण, पूर्ण रेस न मिळणे, सर्वांत महाग पडते. पोकलेनचा हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या वेगावर तेल फेकतो, आणि कंट्रोलर डायलच्या वाचनावरून पंपाला किती जोर लावू द्यायचा ते ठरवतो. डायल ‘तीन-चतुर्थांश’ म्हणाली तर पंपही तेवढाच. बूम जड उचलते, बकेट मुरमात अडकते, यंत्र ‘म्हातारे झाले’ असे वाटते. मग लोक पंप उतरवतात.

न्हावऱ्यापासून जवळच एका शेततळ्यावर उभ्या असलेल्या यंत्राबद्दल असाच वाद चालू होता. मालकाने पंपाच्या कामाचा आकडा विचारून ठेवला होता. ‘मिस्त्री, पंपच बघा तुम्ही, बाकी सगळं बदलून झालंय,’ असे त्याचे म्हणणे. फिल्टर बदलले होते, डिझेलची टाकी धुतली होती. ऑपरेटर एका बाजूला उभा होता; त्या आठवड्याची हजेरी मालकाने लावलेली नव्हती. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, ‘दादा, सकाळी जडच असतं. दुपारी ऊन तापलं की जरा मोकळं होतं. मी सांगितलं शेठला, पण...’ हे वाक्य महत्त्वाचे होते. झिजलेला पंप याच्या उलट वागतो: तेल तापून पातळ झाले की गळती वाढते आणि यंत्र दुपारी जास्त मंद होते. सकाळी जड आणि दुपारी मोकळे म्हणजे कुठेतरी दव आहे आणि ते उन्हाने सुकते आहे. सीटखालचा कपलर काढला तर पाच व्होल्टची पिन हिरवी होती. ती साफ केल्यावर पूर्ण रेसचा सिग्नल वर आला. ऑपरेटरची हजेरी त्याच दिवशी लागली. पंपाला हात लावावा लागला नाही.

म्हणून मी मीटर काढण्याआधी ऑपरेटरला विचारतो, आणि मालकासमोर विचारत नाही. कधी होते? सकाळी की दुपारी? धुतल्यानंतर का? खडकावर चालताना का? घुमताना का? घुमतानाच्या प्रश्नाला एक उपउत्तर जोडतो. पुष्कळांना वाटते की वरचा भाग फिरतो म्हणजे मधल्या सांध्यातून जाणारी वायर पिळते. पण डायल, कंट्रोलर आणि इंजिन तिन्ही वरच्याच भागात असतात आणि एकत्रच फिरतात. रेसची वायर मधल्या सांध्यातून जात नाही. घुमताना रेस तुटत असेल तर ती झटक्याने तुटते आहे, कुठेतरी पत्र्याच्या कडेला वायरिंग घासले आहे.

दुसरे, ऑटो आयडल बंद करून पाहायचे. तरफा मोकळ्या सोडल्यावर साधारण चार सेकंदांनी रेस आपोआप उतरवणारी ही सोय डिझेल वाचवते. पण तरफ हलल्याची खबर देणारा प्रेशर स्विच किंवा सेन्सर बिघडला तर ती रेस चढूच देत नाही. डायलवर आळ येतो, दोष दुसऱ्याचा असतो. ऑटो आयडल बंद केल्यावर रेस ताळ्यावर आली तर डायल सोडून त्या स्विचकडे जावे. आणि डिझेलचा दोष की विजेचा, हे कान सांगतो. फिल्टर तुंबला असेल तर इंजिन ओझ्याखाली हळूहळू दमते आणि ओझे काढल्यावर हळूहळू सावरते. वीज तुटते तेव्हा रेस पायरीसारखी पडते, ओझे असो वा नसो, आणि बहुधा दर वेळी त्याच वेगावर येऊन थांबते.

कोडबद्दलही एक गैरसमज आहे. नव्या यंत्रांत रेसच्या डायलसाठी किंवा पेडलसाठी ९१ हा क्रमांक दिसतो आणि त्यापुढे दुसरा आकडा. ३ म्हणजे दाब जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे वाचन अस्थिर. पडद्यावर ९१ पाहून लोक नवी डायल मागवतात. पण कोड फक्त कंट्रोलरला काय दिसले ते सांगतो. का दिसले ते सांगत नाही. ४ आला असेल तर एक सोपी परीक्षा आहे. बकेट जमिनीवर टेकवावी, सुरक्षेची तरफ लॉक करावी, आसपास माणूस नाही हे पाहावे, इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करावी, आणि डायलचा कपलर काढून त्याच्या वायरिंगकडच्या बाजूला पाच व्होल्ट व सिग्नल या दोन पिना एका छोट्या वायरीने जोडाव्यात. कोड ४वरून ३ झाला तर वायरिंग आणि कंट्रोलर दोन्ही शाबूत आहेत, दोष डायलमध्येच. कोड हललाच नाही तर नव्या डायलवर पैसे घालणे व्यर्थ. मात्र जोडण्याआधी ती पिन पाच व्होल्टचीच आहे हे मीटरने पाहावे. चोवीस व्होल्ट चुकून सिग्नलवर गेला तर कंट्रोलर जातो. याच कारणाने बल्बचा टेस्ट लॅम्प या वायरींना लावू नये; बल्ब ओढतो तेवढी धार देण्यासाठी हा पुरवठा केलेला नसतो.

पाच व्होल्टच येत नसतील तर लगेच कंट्रोलर मेला म्हणू नये. तो पुरवठा बहुधा डायलच्या एकटीचा नसतो. पंपाचे प्रेशर सेन्सर त्याच नळावर पाणी भरत असतात. त्यातला एक आत शॉर्ट झाला की सगळ्यांचा दाब पडतो आणि आधी बोंब मारते ती डायल. अशा वेळी मीटर पाच व्होल्टच्या पिनेवर लावून ठेवावे आणि एकेका सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा काढल्यावर मीटर उडी मारून पाचवर जाते तो चोर.

झिजलेली डायल पकडण्याची रीत मला विशेष आवडते. प्रत्येक ऑपरेटरची डायल ठेवायची एक लाडकी जागा असते. महिनोन्‌महिने जीभ तिथेच थरथरते आणि पट्टीचा कार्बन तेवढ्याच जागी खाल्ला जातो. त्या जागी रेस डचमळते. डायल जराशी पुढे-मागे केली की नीट. आकडे दाखवणाऱ्या मीटरवर हे दिसत नाही, कारण ते सेकंदाला दोन-तीनदाच वाचते आणि मधली क्षणिक दरी गिळून टाकते. काट्याचे जुने मीटर लावून डायल सावकाश फिरवावी. काटा एकसारखा चढत असताना एका जागी दचकतो. नवीन मीटरमध्ये कमाल-किमान धरून ठेवण्याची सोय असेल तर तीही चालते. रेडिओचे बटण फिरवताना एका जागी होणारी खरखर हीच.

मीटरच्या बीपवर मात्र विश्वास ठेवू नये. दोन टोकांना लावून बीप वाजली की ‘वायर चांगली’ म्हणण्याची पद्धत सगळीकडे आहे. सेन्सरच्या वायरीला तीस ओहमने काही बिघडत नाही, आणि बऱ्याच मीटरांची बीप तेवढ्यावर वाजते, ते ठीक. पण कंट्रोलरला चोवीस व्होल्ट नेणाऱ्या वायरीत एक ओहम जरी आला आणि तीन अँपिअर वाहत असले तर तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बीप तरीही वाजते. अशा वायरींची परीक्षा काम चालू असतानाच होते: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंट्रोलरच्या अर्थ पिनेला, चावी चालू. एक दशांश व्होल्टपेक्षा फार जास्त दिसले तर केबिनमागचा अर्थचा बोल्ट उघडावा. रंग आणि गंज खरवडून पत्रा उजळ करून पुन्हा आवळावा. अनेक यंत्रांचे आजार एवढ्यावर बरे होतात, पण असे सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही. बिल लहान होते म्हणून असेल.

कॅनच्या दोन वायरींची तपासणी त्याहून सोपी. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून दोन्हींमधला रोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून मिळून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर दोन वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

वायरीत टाचणी खुपसून दाब पाहण्याची सवय मोडायला हवी. त्या एवढ्याशा भोकातून ओल आत शिरते आणि काही महिन्यांनी तांबे आतून हिरवे होऊन भुगा होते. वरून वायर साजरी दिसते. कपलरच्या मागून, पिनेच्या कडेने बारीक तार सरकवून मोजता येते. तसेच बकेटचे दात किंवा बूमची चीर वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढावी, कंट्रोलरचे कपलर काढावेत आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी शेजारी लावावा. वेल्डरची घाई असते, मालकाची त्याहून जास्त.

दुरुस्ती झाल्यावर एक काम उरते आणि ते पुष्कळदा राहून जाते. डायल, मोटर किंवा तिच्या आतला सेन्सर बदलला की नव्याचे शून्य आणि शेवट जुन्यापेक्षा थोडे वेगळे असतात. कंट्रोलरला ते शिकवावे लागतात. कुठे त्यासाठी वेगळा स्विच असतो, कुठे पडद्यावरून करावे लागते. यंत्राची पुस्तिका सांगेल तसे. हे न केल्यास नवा भाग बसवूनही रेस शे-दोनशे फेऱ्यांनी कमी राहते आणि ‘नवीन पार्ट डुप्लिकेट निघाला’ असा निकाल लागतो. शिकवून झाल्यावर कमी रेस आणि पूर्ण रेस अशा दोन्ही ठिकाणचे व्होल्ट व इंजिनाच्या फेऱ्या तारखेसह केबिनच्या दाराच्या आत रंगाने लिहून ठेवाव्यात. पुढच्या वेळी भांडण झाले तर ऑपरेटरला दाखवायला काहीतरी हातात राहते.